बिनतारी दाराची कडी

साताऱ्याच्या पेठांतून आणि सांगलीच्या गावभागातून जे काही जुने वाडे अजून तग धरून उभे आहेत, त्यांच्या दिंडी दरवाजाला आतून अडसर असतो. रात्रीची जेवणे उरकल्यावर तो घातला आहे की नाही, हे पाहिल्याखेरीज घरातील कर्ता पुरुष अंथरुणाला पाठ टेकीत नसे. पुष्कळसे वाडे पडले, त्या जागी सदनिकांच्या इमारती आल्या, अडसर गेला आणि त्याच्या जागी लॅच आले. पण दार लावण्याची सवय काही सुटली नाही. मात्र अलीकडे त्याच घरांना आणखी एक दार बसले आहे. ते डोळ्यांना दिसत नाही, आणि तेही लावायचे असते ही गोष्ट बहुतेकांच्या गावीच नाही.

हे दार म्हणजे दिवाणखान्याच्या कोपऱ्यात लुकलुकणारी राउटर नावाची डबी. २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी आली, शाळा घरात आल्या, आणि ज्या शिक्षकांनी व कारकुनांनी तोवर मोबाइलवरच भागवले होते, त्यांनीही घाईघाईने घरी इंटरनेटची जोडणी घेतली. जोडणी द्यायला आलेल्या मुलाने तार ओढली, डबी भिंतीला ठोकली, 'चालू झाले बघा' म्हणून पैसे घेतले आणि तो पुढच्या घरी गेला. परवलीचा शब्द त्यानेच ठरवला. कित्येकदा साऱ्या आळीला एकच. त्या दिवसानंतर त्या डबीला कोणी हात लावलेला नाही. वस्तुतः तिच्यातून निघणाऱ्या बिनतारी लहरी भिंतीपाशी थांबत नाहीत. त्या जिन्यात उतरतात, समोरच्या गॅलरीत जातात, रस्त्यावर उभ्या असलेल्या मोटारीतही पोहोचतात. तारेच्या टेलिफोनवर चोरून बोलायचे तर चोराला खांबावर चढावे लागे. येथे त्याला फक्त जवळपास बसावे लागते.

यात बिघडले काय, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर महाराष्ट्रात एकदा फार कडू रीतीने मिळालेले आहे. २६ जुलै २००८ रोजी अहमदाबादेत बॉम्बस्फोटांची मालिका झाली. स्फोटांच्या अवघ्या काही मिनिटे आधी वृत्तसंस्थांच्या कचेऱ्यांत धमकीचे ई-पत्र येऊन पडले होते. पोलिसांनी त्याचा माग काढला तेव्हा तो नवी मुंबईतील सानपाड्याच्या एका सदनिकेत जाऊन थांबला. तेथे राहत होते एक परदेशी गृहस्थ. त्यांच्या घरची बिनतारी जोडणी सुरक्षित नव्हती. बाहेरच्या कोणी तिचा उपयोग करून घेतला होता. चौकशी, जप्ती, वृत्तपत्रांतील मथळे या साऱ्यांतून त्या कुटुंबाला जावे लागले. पुढे ऑगस्टमध्ये माटुंग्याच्या एका महाविद्यालयाची आणि सप्टेंबरमध्ये, दिल्लीतील स्फोटांच्या दिवशी, चेंबूरच्या एका खासगी कचेरीची जोडणी अशीच वापरली गेली. तेव्हा कोठे यंत्रणा हलली. २००९ च्या जानेवारीत मुंबई पोलिसांनी रस्तोरस्ती फिरून उघड्या जोडण्या शोधण्याची मोहीम जाहीर केली आणि पाठोपाठ केंद्राच्या दूरसंचार विभागाने कंपन्यांना सूचना धाडल्या.

या प्रकरणातील मर्म नीट ध्यानात घेतले पाहिजे. घरात दहा यंत्रे असोत की बारा, बाहेरच्या जगाला त्या सर्वांचा पत्ता एकच दिसतो. आणि कंपनीच्या दप्तरी तो पत्ता जोडणी घेणाऱ्याच्या नावे नोंदलेला असतो. पत्र कोणी लिहिले हे त्या नोंदीत नसते, ते कोणाच्या दारातून बाहेर पडले एवढेच असते. उद्या कोणा टवाळाने एखाद्या मास्तरांच्या जोडणीवरून एखाद्या मुलीला छळणारा मजकूर पाठवला, किंवा कोणाच्या खात्यातून पैसे काढले, तर पोलीस प्रथम मास्तरांच्याच दाराशी येतील. मास्तर निर्दोष असतील, सुटतीलही. पण तोवर त्यांचा संगणक व मुलीचा फोन जप्तीत पडून राहील, आणि गावात जे बोलले जाईल ते कोणत्या न्यायालयाने पुसायचे?

'मुंबईची गोष्ट वेगळी, आमच्या सांगली-साताऱ्यात कोण येतो?' हा युक्तिवाद नेहमी ऐकू येतो. तो फसवा आहे. २०१६ साली 'मिराई' नावाच्या एका घातक आज्ञावलीने जगभरातील लक्षावधी कॅमेरे व राउटर ताब्यात घेतले. तिने कोणाचे नाव, गाव विचारले नाही. कारखान्यातून निघताना यंत्रांना जे ठरावीक परवलीचे शब्द दिलेले असतात, त्यांतील काही डझन तिला पाठ होते. ती एकामागून एक दारे ठोठावीत गेली आणि ज्याचे उघडले त्यात शिरली. त्याच यंत्रांच्या फौजेकरवी २१ ऑक्टोबर २०१६ रोजी अमेरिकेतील कित्येक मोठी संकेतस्थळे काही तास बंद पाडण्यात आली. ज्यांच्या घरचे कॅमेरे त्या फौजेत होते त्यांना त्याचा पत्ताही नव्हता. सारांश, चोराला आपण महत्त्वाचे वाटण्याची गरज नाही. आपली डबी उघडी असली म्हणजे पुरे.

अर्थात भयाचा बागुलबुवा उभा करणेही योग्य नव्हे. शेजारी आपल्या जोडणीवर शिरला म्हणजे आपले बँकेचे व्यवहार त्याला वाचता येतात, असे जे सांगितले जाते ते आज बहुतांशी खरे राहिलेले नाही, कारण बँका व बहुतेक संकेतस्थळे आपला मजकूर वाटेतच सांकेतिक करून पाठवतात. धोका आहे तो वेगळा. आत आलेल्याला घरातील कॅमेरा, छपाईयंत्र, सामाईक ठेवलेली कागदपत्रे यांच्यापर्यंत हात पोहोचवता येतो. आणि राउटरचीच किल्ली त्याला सापडली, तर नेहमीचा पत्ता टाइप करूनही आपण भलत्याच, हुबेहूब दिसणाऱ्या पानावर जाऊन पोहोचू अशी तजवीज तो करू शकतो.

आता परवलीच्या शब्दाविषयी. आपल्याकडे घरोघर एक रिवाज पडला आहे, तो म्हणजे स्वतःचा मोबाइल क्रमांक हाच परवलीचा शब्द ठेवण्याचा. दहा आकडे म्हणजे मोठे कुलूप, असे वाटते. थोडे गणित करून पाहू. एखादे यंत्र राउटरशी जोडले जाते तेव्हा दोघांत जी ओळखीची देवघेव होते, ती हवेतून होते, आणि जवळ बसलेल्याला ती टिपून घेता येते. मग तो घरी जाऊन, निवांतपणे, एकेक अंदाज तिच्याशी ताडून पाहतो; आपल्या राउटरला याची कुणकुणही लागत नाही. चलचित्रांचे खेळ खेळण्यासाठी जी चित्रपत्रे संगणकात बसवतात, त्यांतील चांगले एखादे सेकंदाला काही लाख अंदाज तपासते. पाच लाख धरू. भारतातील मोबाइल क्रमांक ६, ७, ८ किंवा ९ यांनीच सुरू होतात, म्हणजे शक्यता झाल्या ४०० कोटी. भागाकार केला तर उत्तर येते ८,००० सेकंद, सुमारे सव्वादोन तास. एक सिनेमा पाहून होईतो कुलूप उघडले! आणि सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटात तो क्रमांक आधीच लिहिलेला असेल, तर एवढाही खटाटोप नको.

उलट, चिठ्ठ्या टाकून काढावेत तसे पाच हजार शब्दांतून कोणतेही चार शब्द उचलून जोडले, उदाहरणार्थ हळकुंड, पागोळी, कंदील, मोहरी असे, तर त्याच वेगाने सर्व शक्यता तपासायला जवळजवळ ४० वर्षे लागतात. पाचवा शब्द जोडला की हाच आकडा दोन लाख वर्षांच्या आसपास जातो. लक्षात ठेवायलाही ते सोपे, रोमन लिपीत टाइप करायलाही सोपे. मात्र शब्द खरोखरच आंधळेपणाने निवडलेले असावेत. म्हण, अभंगाचा चरण किंवा नातवाचे नाव व जन्मसाल चालणार नाही, आणि वर छापलेले चार तर मुळीच नाहीत.

बाकीची कामे अर्ध्या तासाची आहेत. राउटरच्या स्वतःच्या व्यवस्थापनाची किल्ली वेगळी असते, ती प्रथम बदलावी. 'ॲडमिन' हा शब्द साऱ्या जगाला ठाऊक आहे. सुरक्षेच्या पद्धतींपैकी 'डब्ल्यूईपी' ही २००१ मध्येच भेदली गेली, ती कोठे शिल्लक असेल तर डबीच बदलावी. २००४ ची 'डब्ल्यूपीए-२' चालेल. २०१८ मध्ये आलेली 'डब्ल्यूपीए-३' मिळत असेल तर उत्तम, कारण वर सांगितलेली घरी बसून अंदाज करण्याची युक्ती तिच्यापुढे चालत नाही. कळ दाबून झटपट जोडण्याची 'डब्ल्यूपीएस' ही सोय बंद ठेवावी, तिच्यातील दोष २०११ पासून ज्ञात आहे. बाहेरून राउटर हाताळण्याची परवानगीही बंद असावी आणि कंपनीच्या सुधारणा वेळच्या वेळी घ्याव्यात. जोडणीचे नाव लपवून ठेवण्याचा सल्ला पुष्कळजण देतात. त्याने काही साधत नाही. नाव लपले तरी लहरी लपत नाहीत.

एका गोष्टीचा मात्र विचार केला पाहिजे. आपल्या आळ्यांतून शेजाऱ्याला पाणी, विरजण, वर्तमानपत्र नाकारण्याची रीत नाही. टाळेबंदीच्या काळात ज्या घरी जोडणी होती, त्या घराच्या जिन्यात बसून शेजारच्या मुलांनी वर्ग भरवले. ती माणुसकी होती आणि ती कडी लावण्याच्या नादात गमावण्याचे कारण नाही. बहुतेक नव्या राउटरांत पाहुण्यांसाठी निराळी जोडणी काढून देता येते. तिच्यावरचा माणूस इंटरनेट वापरतो, पण घरातील यंत्रांपर्यंत पोहोचत नाही. ओसरी वेगळी आणि माजघर वेगळे, हे वाड्यांना ठाऊक होतेच. पाहुण्याने काही आगळीक केली तर नोंद आपल्याच नावे होईल, म्हणून ओसरीवर कोणाला बसवायचे ते आपण ठरवावे, इतकेच.

परंतु सारा भार ग्राहकाच्या खांद्यावर टाकून कंपन्यांना मोकळे सोडणे हा अन्याय होईल. ब्रिटनमध्ये २९ एप्रिल २०२४ पासून साऱ्या यंत्रांना एकच सोपा परवलीचा शब्द देऊन ती घरगुती ग्राहकांना विकणे बेकायदेशीर आहे. आपल्याकडे जोडणी देणाऱ्याने ग्राहकासमोर बसून दोन्ही किल्ल्या बदलल्याखेरीज पैसे घेऊ नयेत, आणि काय केले ते मराठीत छापलेल्या कागदावर लिहून द्यावे, असा आग्रह ग्राहकांनी धरला पाहिजे. वीजजोडणी देताना अर्थिंग पाहतात, मग येथेच 'चालू झाले बघा' का पुरावे?

सामुदायिक निश्चयाने काय होते, हे सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगावने दाखवले आहे. कडेगाव तालुक्यातील या गावात २०२२ पासून सायंकाळी सात वाजता भैरवनाथाच्या देवळावरचा भोंगा वाजतो आणि दीड तास टीव्ही व मोबाइल बंद ठेवले जातात. भोंग्याने गाव उठते, तर वर्षातून एका संध्याकाळी गावातील साऱ्या डब्यांच्या किल्ल्या बदलणे अवघड का वाटावे? नगर वाचनालयांनी जागा द्यावी आणि अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी हात द्यावा.

हे सर्व लिहिण्यापूर्वी प्रस्तुत लेखकाने स्वतःच्या घरची डबी तपासली. व्यवस्थापनाची किल्ली 'ॲडमिन' हीच होती आणि जोडलेल्या यंत्रांच्या यादीत तीन नावे अनोळखी होती. त्याच रात्री पाच शब्दांची नवी परवल घातली. दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता दाराची घंटा वाजली. वरच्या मजल्यावरचा, अकरावीतला मुलगा संकोचून उभा होता. "काका, तुमचं नेट गेलंय का हो?" त्याला आत बोलावून चहा दिला आणि ओसरीवरच्या जोडणीची परवल एका कागदावर लिहून दिली. उरलेली दोन नावे कोणाची होती, ते विचारायला अद्याप कोणी आलेले नाही.