अर्ध्या पानाचा रिझ्युमे

दीड महिन्यापूर्वीची गोष्ट. समोरच्या घरातली मुलगी संध्याकाळी हातात फाइल घेऊन आली. बी.एस्सी. संगणकशास्त्राची परीक्षा नुकतीच संपलेली, वडील एस.टी.त कंडक्टर, आई घर सांभाळून बचत गटाचे हिशेब पाहणारी. ‘‘काका, तीन आठवड्यांनी इंटरव्ह्यू आहे. तुम्ही बँकेत मुलाखती घ्यायचात ना? माझी घ्या.’’

मला हसू आले. 1984 साली रंगराजन समितीचा अहवाल आला आणि बँकांत यंत्रे येणार असे दिसू लागले, तेव्हा ‘संगणक नोकऱ्या खाणार’ म्हणून घोषणा देणाऱ्या मोर्चात मीही चाललो होतो. आता त्याच संगणकाने शेजारच्या मुलीला नोकरी द्यावी, म्हणून मी तिची तयारी करून घ्यायची होती!

रिझ्युमे दोन पानांचा होता. पहिल्याच पानावर ठळक अक्षरांत प्रोजेक्ट : शेअर बाजाराचा अंदाज वर्तवणारी प्रणाली. मी सहज विचारले, ‘‘यातले आकडे कुठून आणलेस?’’ ती गप्प. ‘‘बरं, तू स्वतः यातलं काय केलंस?’’ आणखी गप्प. मग हळूच म्हणाली, ‘‘काका, चौघींनी मिळून विकत घेतला. सगळेच घेतात.’’

बँकेत पहिल्या वर्षीच एक गोष्ट शिकलो होतो. खोटी नोंद कधी एकटी राहत नाही. ती झाकायला दुसरी करावी लागते, दुसरी झाकायला तिसरी. आणि तपासनीस नेमका तिसरीपाशी बोट ठेवतो. मुलाखतीतही तेच. नवख्या उमेदवाराला अनुभव नसतो हे समोरच्याला ठाऊक असते. म्हणून तो प्रोजेक्टपासून सुरुवात करतो, कारण निदान तेवढी एक गोष्ट तरी उमेदवाराला आपल्यापेक्षा जास्त ठाऊक असायला हवी, अशी त्याची रास्त अपेक्षा असते. तीच उसनी निघाली की पुढच्या उत्तरांवरचाही विश्वास जातो.

‘‘पण काका, हा काढला तर अर्धं पानच उरतं,’’ ती म्हणाली.

प्रश्न खरा होता. दरमहा पेन्शन जमा होणाऱ्या माणसाने ‘मग अर्धेच पान पाठव’ म्हणणे फार सोपे असते. तिच्या शिक्षणासाठी वडिलांनी पतसंस्थेचे कर्ज काढलेले होते. मी तिला एवढेच म्हटले, ‘‘तीन आठवडे आहेत. आईच्या बचत गटाची वही आण.’’

हे मला कुठून सुचले तेही सांगतो. 1982 साली मी बँकेच्या मुलाखतीला गेलो, तेव्हा देशोदेशींच्या राजधान्या तोंडपाठ करून गेलो होतो. समोरच्या गृहस्थांनी विचारले, ‘‘सांगलीचे ना तुम्ही? हळदीला भाव काय चाललाय?’’ भाव मला ठाऊक नव्हता. तसे सांगितले, पण हरिपूरच्या पेवांत हळद कशी साठवतात, जमिनीखालच्या त्या खड्ड्यांत ती कशी टिकते, हे लहानपणापासून पाहिलेले होते, ते सांगत सुटलो. गृहस्थ खुर्चीत पुढे सरकले. राजधान्या कुणी विचारल्याच नाहीत.

तर बचत गटाच्या हिशेबाचा एक छोटासा प्रोग्रॅम तिने करायला घेतला. चौदा सभासद, दरमहा दोनशे रुपये, अधूनमधून एखादीला कर्ज. दिसायला पोरखेळ, पण तिसऱ्याच दिवशी अडचण आली. गटात एकाच नावाच्या दोन बायका निघाल्या आणि एकीचा हप्ता दुसरीच्या नावावर चढला. मी म्हटले, म्हणून तर आम्ही खात्याला नंबर देतो. तिचे डोळे चमकले, ‘‘म्हणजे प्रायमरी की!’’ पुढे एकदा नोंद चालू असताना लॅपटॉप बंद पडला. हप्ता जमा दिसत होता, शिल्लक मात्र वाढली नव्हती. नावे आणि जमा दोन्ही व्हायला हव्यात, नाहीतर एकही नको, हे बँकेतला नवा कारकूनही जाणतो. ती म्हणाली, ‘‘याला ट्रान्झॅक्शन म्हणतात, काका. परीक्षेत पाच मार्कांना होतं. ते कशासाठी असतं ते आज कळलं.’’

माझ्या मते तयारी म्हणतात ती हीच. दोनशे प्रश्नोत्तरांचे पाठांतर करणारी मुले ‘स्टॅक आणि क्यू यांत फरक काय’ याचे उत्तर धडाधड देतात; उदाहरण विचारले की अडखळतात. कॅश काउंटरपुढची रांग म्हणजे क्यू, आधी आला त्याचे काम आधी. टेबलावर एकावर एक साठलेली व्हाउचरे म्हणजे स्टॅक, शेवटी आलेले पहिल्यांदा उचलायचे. अशा ओळखीच्या वस्तूला बांधलेले ज्ञान घाबरल्यावरही सुटत नाही.

आता कोड लिहून देणारी कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने प्रत्येकाच्या फोनवर आहेत. तिनेही वापरली, मी हरकत घेतली नाही. अट एकच घातली : जी ओळ तुला मला समजावून सांगता येत नाही, ती ठेवायची नाही. माझ्यासारख्या अडाण्याला समजावताना तिने बऱ्याच ओळी खोडल्या.

इंग्रजीचा धसका मात्र जाईना. ‘टेल मी अबाऊट युअरसेल्फ’ म्हटले की तिचा घसा कोरडा पडे. इथे मला एक कबुली दिली पाहिजे. बँकेत मुलाखत मंडळावर असताना एका खेड्यातल्या मुलाच्या इंग्रजीला आम्ही तिघे हसलो होतो आणि त्याला गुण कमी दिले होते. त्याचे हिशेबाचे उत्तर अचूक होते, हे मला त्या रात्री आठवले. तेव्हा फार उशीर झालेला होता. म्हणून मुलांना सांगतो, लांब वाक्ये पाठ करू नका. छोटी, साधी वाक्ये रोज मोठ्याने बोला. आणि मुलाखती घेणाऱ्यांना सांगतो, अडखळणाऱ्या वाक्याच्या मागे काय आहे ते ऐकायला शिका.

दोन शब्द आईवडिलांसाठी. साडेतीन लाखांचे पॅकेज ऐकले की त्याला 12 ने भागून मोकळे होऊ नका. त्यात कंपनीने भरायचा भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटीची तरतूद, विम्याचा हप्ता असे बरेच काही धरलेले असते. हातात येते ते कमी. नोकरीसाठी अनामत किंवा ट्रेनिंगची फी मागणारा माणूस नोकरी विकत असतो, आणि बहुधा ती त्याच्याकडे नसतेच. बाँडवर सही करण्याआधी तो पूर्ण वाचा, मूळ प्रमाणपत्रे कुणाच्या ताब्यात देऊ नका. आणि रोज संध्याकाळी ‘फोन आला का?’ विचारणे थांबवा. आला तर ती तुम्हाला सांगणारच आहे.

मुलाखत व्हिडिओवर होती, आमच्याच खोलीत. आमच्या सौभाग्यवतींनी मिक्सर बंद ठेवला, कुकर लावला नाही, दारावरची बेलसुद्धा काढून ठेवली. मी बाहेर उभा राहून कान देत होतो. कुणीतरी विचारले, ‘‘पन्नास हजार सभासद झाले तर तुझा प्रोग्रॅम चालेल का?’’ क्षणभर शांतता. मग तिचा आवाज आला. माहीत नाही, चौदा जणींसाठी केलाय. हळू होईल असं वाटतं, पण नेमका कुठे ते तपासावं लागेल. मला तो आवाज फार आवडला.

चार दिवसांनी दोन ओळींचे पत्र ईमेलवर आले. निवड झाली नव्हती.

त्या रात्री तिचे वडील ड्यूटीवरून परतताना माझ्या दाराशी थांबले. खाकी कपडे अंगावरच होते. ‘‘साहेब, खरं लिहिलं म्हणून गेलं का हो?’’ त्यांनी विचारले. आवाजात राग नव्हता. असता तर बरे झाले असते. ‘मला माहीत नाही’, मी म्हणालो. तिला जे म्हणायला शिकवले होते, तेच मला म्हणावे लागले, आणि ते किती जड असते ते तेव्हा कळले.

पुढच्या रविवारी सकाळी त्यांच्याकडे डोकावलो. ती लॅपटॉपपुढे बसली होती. बचत गटात पन्नास हजार खोटे सभासद भरून प्रोग्रॅम कुठे अडतो ते पाहत होती. ‘‘सापडलं, काका,’’ ती मान न वळवता म्हणाली, ‘‘प्रत्येक नोंदीला सगळी वही पहिल्यापासून वाचत होता. आता इंडेक्स लावलाय.’’

पुढच्या आठवड्यात तिची दुसरी मुलाखत आहे. रिझ्युमे आता पाऊण पान झाला आहे.