हमखास!

हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा फराळाचे डबे अजून भरलेले असतील, आणि भाऊबीज आटोपली की कुठे जायचे याचा खल घरोघरी चालू असेल. पुष्कळ घरांत हा खल कोकणापाशी येऊन थांबेल. तीन-चार कुटुंबे, दोन-तीन गाड्या, मागच्या खणात चिवड्याचे डबे आणि पोरांचे चेंडू, आणि मग खाडी ओलांडीत, पुळणीमागून पुळण पाहत दक्षिणेकडे जायचे. याविरुद्ध मला काडीचेही म्हणायचे नाही. मी स्वतः असा जातो, आणि पाय चालतील तोवर जाणार आहे. माझे भांडण आहे ते फक्त एका शब्दाशी. तो शब्द म्हणजे ‘हमखास’.

किनाऱ्याने गाडी हाकू लागले की हा शब्द जागोजागी भेटतो. खानावळीच्या फळीवर तो असला तर मी त्याला नमस्कार करीन. सोलकढी हमखास मिळते, उकडीचे मोदक सांगून ठेवले तर हमखास मिळतात, उत्तम! पण ‘डॉल्फिन दर्शन हमखास, न दिसल्यास पैसे परत’ अशी पाटी वाचली की माझ्या कपाळाला आठी पडते. समुद्रात आपल्या मर्जीने हिंडणाऱ्या प्राण्याच्या वतीने ही हमी दिली कोणी? आणि ती पाळायची कोणी?

ती कशी पाळली जाते, हे मी गेल्या फाल्गुनात डोळ्यांनी पाहिले. आम्ही चौदा माणसे होतो, तीन गाड्या होत्या. पुण्याहून ताम्हिणी उतरून माणगाव, म्हसळा, श्रीवर्धन, मग बागमांडल्याला फेरीबोटीत गाड्या चढवून सावित्रीची खाडी ओलांडली आणि पलीकडे वेसवीला उतरलो. तिथून बाणकोट, वेळास, आंजर्ले, हर्णै असा बेत होता. वाटेतल्या एका गावी अशी पाटी दिसली आणि आमच्यातली मुले हटून बसली.

होडी निघाली. किनाऱ्यापासून फार लांब जावे लागले नाही. आपल्या कोकणच्या किनाऱ्याला दिसणारे डॉल्फिन बहुतेक पाठीवर उंचवटा असलेल्या जातीचे असतात, आणि ही जात उथळ पाण्यात, खाड्यांच्या मुखाशी राहणारी आहे. एक करडी पाठ वर आली, तिच्या शेजारी एक लहान पाठ आली; मायलेकरे असावीत. आमच्या होडीत आनंदाचा चीत्कार उठला. तो माझ्याही तोंडून निघाला असेल. पण पुढच्या क्षणी पाहतो तो पाच होड्या पाच बाजूंनी त्या जागेकडे सुटल्या आहेत, पाचांचीही यंत्रे धडधडत आहेत, आणि होडीवाले एकमेकांना हात करून ‘तिकडे गेली, तिकडे!’ म्हणून सांगत आहेत. पाठी बुडाल्या. मग ती पुन्हा कुठे वर येईल याचा अदमास बांधून होड्यांचे तोंड फिरले. डॉल्फिन हा मासा नव्हे. त्याला श्वासासाठी वर यावेच लागते. हमी पाळता येते ती त्याच्या याच नडीवर.

वाचकहो, आपल्याकडच्या जुन्या संस्थानिकांच्या शिकारीची वर्णने तुम्ही वाचली असतील. पाहुणा मोठा असला म्हणजे त्याला वाघ मिळालाच पाहिजे. मग शेकडो हाकेकरी ढोल बडवीत, डबे वाजवीत रान उठवायचे आणि वाघाला मचाणाच्या रोखाने ढकलीत न्यायचे. पाहुण्याने नेम तेवढा धरायचा. त्या शिकारीला आज आपण नावे ठेवतो, आणि ठेवलीच पाहिजेत. पण होडीत बसलेल्या आम्हा चौदाजणांच्या हातांत बंदुकीऐवजी मोबाइल होता, एवढे सोडले तर हाक्यात आणि त्या प्रकारात मला फरक सापडला नाही. उलट एका बाबतीत हा हाका अधिक वाईट. वाघाला निदान पळायला रान होते. हा किनाऱ्याच्या उथळ पाण्यातला जीव. खोल समुद्र हे त्याचे घर नव्हे, तेव्हा पळून जाणार कुठे? शिवाय गढूळ पाण्यात त्याला वाट आणि भक्ष्य दोन्ही सापडतात ती डोळ्यांपेक्षा कानांनी. तो आवाज सोडतो आणि त्याचा प्रतिध्वनी ऐकून समोर काय आहे ते ओळखतो. अशाच्या डोक्यावर पाच यंत्रे धडधडवायची आणि वर म्हणायचे, ‘बघा, मुलांनो, निसर्ग!’

आमच्याबरोबर एक स्नेही होते. मनाने मोठे, खिशाने त्याहून मोठे. त्यांना माझे बोलणे आवडले नाही. ते म्हणाले, “अहो, मारीत तर नाही ना कुणी? पाहतोच आहोत. मुलांना हे दाखवायचे नाही, तर मग त्यांना प्राण्यांबद्दल प्रेम वाटणार कसे?” हा आक्षेप खोडसाळ नाही, आणि सुशिक्षित घरांत तोच प्रथम निघतो, म्हणून त्याचे उत्तर नीट दिले पाहिजे. माझे उत्तर वेळासला आहे.

वेळास हे मंडणगड तालुक्यातले, नाना फडणविसांचे मूळ गाव. २००२ साली चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ या संस्थेची माणसे तिथे समुद्रगरुडांचा मागोवा घेत हिंडत असताना त्यांना पुळणीवर कासवाच्या अंड्यांची टरफले दिसली. त्याआधी किनाऱ्यावर अंडी सापडली की ती माणसाच्या नाहीतर कोल्ह्याकुत्र्याच्या पोटात जायची. भाऊ काटदरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गावाला विश्वासात घेतले, आणि अंड्यांवर पहारा बसला. ही ऑलिव्ह रिडले जातीची कासवे. मादी रात्री पुळणीवर चढते, मागच्या पायांनी हात-दीड हात खोल खळगा खणते, टेबल-टेनिसच्या चेंडूएवढी शंभरएक अंडी घालते, वाळू लोटून वर थापटते आणि परत जाते. मागे वळून पाहत नाही. गावकरी पहाटे तिचा माग काढून ती अंडी कुंपणात तशाच खळग्यात ठेवतात आणि वर टोपली पालथी घालतात. पुढे सुमारे पंचेचाळीस ते साठ दिवस करायचे काम म्हणजे राखण. बाकीचे काम वाळूची ऊब करते. पिल्ले नर व्हायची की माद्या, हेसुद्धा तीच ऊब ठरवते. ऊब जास्त तर माद्या जास्त.

सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा टोपल्या उचलून पाहतात. पिल्ले वर आलेली असली तर त्यांना पाण्यापासून काही अंतरावर वाळूत सोडतात आणि ती आपल्या पायांनी समुद्रात जातात. नसली, तर टोपली पुन्हा पालथी.

आम्ही गेलो त्या सकाळी एकाही टोपलीखाली काही नव्हते. दोरीच्या अलीकडे पुष्कळ माणसे उभी होती. राखणीवरचा तरुण एकेक टोपली उचलून पाहत होता आणि शांतपणे मान हलवीत होता. आमच्या स्नेह्यांना राहवेना. “अहो, आम्ही पुण्याहून दोनशे किलोमीटर आलो आहोत! एखादे घरटे थोडे उकरून बघा की. आत असतीलच.”

तो तरुण म्हणाला, “असतील साहेब. पण वर येतील तेव्हा त्यांची ती येतील. संध्याकाळी बघू.”

हे त्याने हात जोडून सांगितले, पण उकरले नाही. मला त्याचा पाय धरावासा वाटला. अंड्यातून फुटलेले पिल्लू लगेच वर येत नाही. वाळूत राहून, इतर भावंडांबरोबर, हळूहळू वर सरकते, आणि वाळू निवली की बाहेर पडते. ही वेळ पुण्याहून आलेल्यांना विचारून ठरत नाही. आणि दोनशे किलोमीटरांचे म्हणाल, तर ओडिशाच्या किनाऱ्यावर २०२१ मध्ये बिल्ला लावलेली एक मादी २०२५ च्या जानेवारीत आपल्या गुहागरच्या पुळणीवर अंडी घालताना आढळली. सगळ्या द्वीपकल्पाला वळसा! हे अंतर अंदाजे साडेतीन हजार किलोमीटर भरते. तिनेही आल्यावर कोणाकडे हमी मागितली नसेल.

संध्याकाळी अकरा पिल्ले निघाली. त्यांचे वर्णन मी करीत नाही; ज्याला हवे त्याने फाल्गुन-चैत्रात जाऊन पाहावे. सांगायचे ते मुलांविषयी. सकाळी रिकामी टोपली पाहिलेली आमची मुले दिवसभर दुसरे काही बोलत नव्हती. निघतील का? का निघाली नाहीत? आतमध्ये त्यांना अंधाराची भीती वाटत असेल का? आमची एक पुतणी तर दुपारी जेवायलाच उठेना. आणि होडीतल्या त्या डॉल्फिनांबद्दल? किनाऱ्याला उतरल्यावर पाच मिनिटांनी मुलांनी बर्फाचा गोळा मागितला, आणि तो विषय संपला. प्रेम कसे उपजते, असे माझे स्नेही विचारीत होते. वाट पाहण्याने उपजते, आणि हमखासपणा नेमकी ती वाटच बुजवून टाकतो.

दुसरा आक्षेप पोटाचा. ‘तुम्ही शहरात बसून नियम सांगणार, इथल्या माणसाने खायचे काय?’ या आक्षेपापुढे भलेभले गप्प बसतात. मी बसणार नाही, कारण वेळासच्या घराघरांतून पाहुणे उतरतात, जेवतात, पैसे मोजतात, आणि ते सगळे कसलीही हमी नसताना. सकाळी दिसले नाही म्हणून माणूस संध्याकाळपर्यंत थांबतो. म्हणजे एक जेवण जास्त जेवतो, कधी एक रात्र जास्त राहतो. हिशेबाच्या भाषेतच बोलायचे, तर वाट पाहायला लावणारे जनावर गावाला अधिक देते.

पुळणीवर गाड्या घालणाऱ्यांबद्दल मी थोडक्यात आटोपतो, कारण त्यांच्या बाजूने एकही बरा युक्तिवाद मी अजून ऐकलेला नाही. ओहोटीला ओली वाळू कशी डांबरी रस्त्यासारखी कडक लागते, आणि मग भरती आली की लाखांची गाडी लाटांत कशी डुलते, याच्या बातम्या दरवर्षी येतात. लोक हसतात. गाडी ट्रॅक्टरने ओढून काढता येते. कोरड्या वाळूत ज्या घरट्यावरून ती जाऊन आली असेल, ते कोण काढणार? आणि रात्री पुळणीकडे तोंड करून लावलेले गाडीचे दिवे! पिल्लू समुद्राची दिशा ओळखते ती क्षितिजावरच्या उजेडाने. त्याच्या मागे तुम्ही दुसरा समुद्र पेटवलात, तर ते उलट्या बाजूला, सुरूच्या बनाकडे चालू लागते. कुरवांना शेव-फरसाण उडवून घालणारेही याच पंक्तीतले. त्यांतली पुष्कळशी पाखरे लडाख-तिबेटच्या तळ्यांवरून हिवाळ्यापुरती आलेली असतात, आणि आपण त्यांना तळलेले बेसन चारून त्यांच्याबरोबर फोटो काढतो!

रेवसपासून रेडीपर्यंतच्या सागरी महामार्गासाठी आता खाड्यांवर पूल योजले आहेत. ते व्हावेत, बाणकोटच्या बाळंतिणीला फेरीबोटीची वेळ पाहत बसावे लागू नये, असे कोणाला वाटणार नाही? परंतु फेरीबोटीसाठी धक्क्यावर काढलेला अर्धा-पाऊण तास शहरी माणसाला नकळत एक गोष्ट शिकवीत असे: इथे आपल्या घड्याळाला विचारीत नाहीत. पूल झाले की गाड्या वाढतील, घाई वाढेल, आणि पाट्याही वाढतील. म्हणून हे बोलायचे ते आताच बोलले पाहिजे.

आणि दोष होडीवाल्यांना देऊ नका. आमची होडी परत वळली तेव्हा मी त्या होडीवाल्याजवळ जाऊन बसलो आणि विचारले, “यंत्र बंद करून एका जागी उभे राहिलो असतो, तर दिसले नसते का?”

“दिसतात की,” तो म्हणाला. “कधी कधी तर होडीच्या अंगाला येतात. जाळी टाकून बसलो म्हणजे रोज बघतो आम्ही.”

“मग असे का नाही करीत?”

त्याने आमच्या मंडळींकडे हनुवटीने खूण केली. “अर्धा तास गप बसाल काय तुम्ही लोक? दहा मिनिटांत ओरडायला लागतात, पैसे परत द्या म्हणून. बसणार असाल तर सांगा. डिझेल माझंच वाचतं.”