पाळीचे दुखणे अंगावर काढू नका

भगिनींनो, ‘गांजाच्या तेलाने पाळीच्या कळा थांबतात, हे खरे का?’ असे सातारा-सांगलीकडच्या वाचक भगिनी आम्हाला विचारतात. हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. दर महिन्याला पोटाशी पाय घेऊन पडणाऱ्या बाईलाच तो सुचतो.

गर्भपिशवीच्या आत असते तसे अस्तर पिशवीच्या बाहेर, अंडाशयावर किंवा आतड्यापाशी वाढते, त्या रोगाला एंडोमेट्रिओसिस म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने पाळीच्या वयातील दर १० स्त्रियांमागे सुमारे एकीला तो असतो. पाळीत असह्य कळा, शौचाच्या किंवा संबंधाच्या वेळी दुखणे, मूल न राहणे ही त्याची लक्षणे. पण ‘बाईच्या जातीला हे चालायचेच’ म्हणून निदानालाच वर्षे जातात.

आता गांजाविषयी. ऑस्ट्रेलियातील पाहणीत काही रुग्ण स्त्रियांनी गांजाने आराम पडल्याचे सांगितले आहे. परंतु सांगणे वेगळे आणि तपासून सिद्ध होणे वेगळे. या रोगावर तो गुणकारी ठरवणाऱ्या मोठ्या चाचण्या अजून झालेल्या नाहीत. शिवाय १९८५ च्या अंमली पदार्थ कायद्याने गांजा जवळ बाळगणे आणि परवान्याशिवाय त्याचे झाड लावणे गुन्हा आहे. आयुर्वेदात भांगेला विजया म्हणतात. औषध नियमांच्या ई-१ अनुसूचीत ती विषारी द्रव्यांत मोडते, म्हणजे ती वैद्याच्या देखरेखीखालीच घ्यायची. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बाईने तर त्या वाटेला जाऊच नये.

पाचवे शील आड येते का, असेही विचारले जाते. ते शील नशेविरुद्ध आहे, औषधाविरुद्ध नाही. विनयपिटकात आजारी भिक्षूंसाठी औषधांची परवानगी आहेच. आमचा आक्षेप पुराव्याचा आहे.

आम्हाला याहून मोठी काळजी वेगळीच वाटते. आपल्या भागातील उसाच्या फडात मराठवाड्यातून भगिनी येतात. पाळीत एक दिवस बसले की खाडा पडतो, पैसे कापले जातात. २०१९ साली नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने बीड जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी केली. त्यात १३,८६१ जणींच्या पिशव्या काढलेल्या आढळल्या! आणि या रोगात पिशवी काढली तरी दुखणे जाईलच असे नाही, कारण वाढलेले अस्तर पिशवीच्या बाहेर असते.

मग करावे काय? डॉक्टरांना विचारून आयबुप्रोफेन किंवा मेफेनॅमिक ॲसिडची गोळी पाळी सुरू होताच, पोटात अन्न असताना घ्यावी. गरम पाण्याच्या पिशवीने शेकावे. एवढ्याने न थांबल्यास संप्रेरकांच्या गोळ्या आहेत. साताऱ्याच्या, सांगलीच्या किंवा मिरजेच्या शासकीय रुग्णालयात स्त्रीरोग विभाग आहे, तेथे जावे. कोणत्या तारखांना, कोठे, किती दुखले हे वहीत लिहून न्यावे. सोनोग्राफीत काही दिसले नाही, तरी रोग नाही असे ठरत नाही, पुन्हा विचारावे. पिशवी काढण्याच्या कागदावर सही करण्याआधी दुसऱ्या डॉक्टरचे मत अवश्य घ्यावे.

आणि बंधूंनो, आपली पत्नी, बहीण किंवा लेक दुखते म्हणाली, तर तिला ‘सोंग करते’ म्हणू नका. एका दिवसाचा रोज बुडाला तरी चालेल, तिच्याबरोबर दवाखान्यात जा.