घाटमाथ्याखालचा लाल थर

राज्य सरकारने जून २०२३ मध्ये एनएचपीसी आणि टोरेंट पॉवर यांच्याशी १३,०५० मेगावॉटच्या उदंचन जलविद्युत प्रकल्पांचे सामंजस्य करार केले. चर्चा झाली ती ७१ हजार कोटींच्या गुंतवणुकीची. ज्या खडकाच्या पोटात हे प्रकल्प उभे राहायचे, त्याची फारशी नाही.

अशा प्रकल्पाचा नमुना अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यात, अकोले तालुक्यातील घाटघरला आहे. २००८ मध्ये सुरू झालेल्या या २५० मेगावॉटच्या प्रकल्पाचे वरचे धरण घाटमाथ्यावर, खालचे कोकणच्या बाजूस शहापूर तालुक्यात आणि वीजगृह भूगर्भात आहे. दोहोंत सुमारे चारशे मीटरचे अंतर असल्याने पाण्याचा मार्ग लाव्हाचे अनेक थर छेदत उतरतो. घट्ट बेसाल्टची चिंता नसते. तो चौरस सेंटिमीटरला हजार किलोहून अधिक भार पेलतो. चिंता असते ती दोन थरांमधल्या लाल, मातकट पट्ट्याची. अभियंते त्याला ‘रेड बोल’ म्हणतात. पाणी लागताच त्यातील चिकणमाती फुगते आणि थर सुटू लागतो.

आणि नेमका हाच खडक मोजता येत नाही. दाबचाचणीसाठी साधारण ५४ मिलिमीटर व्यासाचा, त्याच्या दुप्पट-तिप्पट लांबीचा अखंड दंडगोल लागतो. बोलचा नमुना यंत्रावर चढण्याआधीच भुगा होतो. अहवालात मग उरतात ते मजबूत नमुन्यांचे आकडे.

शेल खडकातून तेल आणि वायू काढणाऱ्यांपुढेही हीच अडचण होती, कारण शेल पापुद्र्यांनी फुटतो. त्यांनी अतिसूक्ष्म दाबचाचणीचा आधार घेतला. हिऱ्याचे टोक खडकाच्या नखाएवढ्या तुकड्यात मिलिमीटरच्या हजाराव्या भागाइतके किंवा त्याहूनही कमी रुतवायचे, बळ आणि खोली नोंदवत राहायचे आणि टोक मागे घेताना खडक किती उसळतो यावरून त्याची लवचिकता काढायची. असे शेकडो ठसे घेतले की चिकणमाती कोणती, टणक खनिज कोणते आणि त्यांचे प्रमाण काय, हे उलगडते.

अर्थात, या ठशांत भेगा दिसत नाहीत. कड्याचे स्थैर्य बरेचसे भेगांवर ठरते. त्यासाठी बोगद्यातच चाचण्या कराव्या लागतात. ही पद्धत त्यांची जागा घेणार नाही. ती फक्त आज रिकामा राहणारा रकाना भरू शकते. त्यासाठी खर्चापेक्षा शिस्त अधिक लागेल. बोलचा तुकडा पाण्याविना घासावा लागतो आणि वेधनातून निघालेला गाभा जागेवरच मेणाने बंद न केल्यास प्रयोगशाळेत पोहोचेपर्यंत त्याचा मूळ ओलावाच उरत नाही.