एक्स्प्लेनर : साहेबांना सोहळा, शिपायाला नुसता नारळ? ऑफिसातल्या निरोपाचा न्याय

जालना : ३१ मे हा सरकारी कार्यालयांत हारतुऱ्यांचा दिवस. खेड्यापाड्यांत पूर्वी शाळेत नाव घालताना अनेकांची जन्मतारीख सरसकट १ जून लिहिली जाई. नियमानुसार १ तारखेला जन्मलेला राज्य कर्मचारी आधीच्या महिन्याच्या अखेरीस निवृत्त होतो. त्यामुळे साहेब आणि शिपाई एकाच दिवशी घरी जाण्याची वेळ येते. मग कोणासाठी मंडप आणि कोणासाठी नुसता चहा, हे सगळ्यांच्याच डोळ्यांवर येते.

भेदभाव कुठे होतो?

सर्वात आधी पदावरून. निवृत्तीला सत्कार होतो. राजीनामा देणारा मात्र आय-कार्ड जमा करून निघून जातो. झेडपी शाळेतले गुरुजी ३१ मे रोजी निवृत्त होतात तेव्हा उन्हाळ्याची सुट्टी असते, वर्ग रिकामे असतात. एमआयडीसीतल्या पोलाद कारखान्यांत राबणारा परराज्यातला कंत्राटी कामगार गावी परतला, तर त्याची जागा भरली जाते, निरोप राहून जातो.

वर्गणीबद्दल नियम काय?

केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या १९६४ च्या वर्तणूक नियमांतील नियम १४ याबाबत स्पष्ट आहे. निवृत्ती किंवा बदलीच्या वेळी खासगी, अनौपचारिक निरोप चालतो. मात्र वर्गणीसाठी कोणावरही दबाव आणता येत नाही. शिवाय वरच्या गटातील अधिकाऱ्याच्या निरोपासाठी क आणि ड गटातील कर्मचाऱ्यांकडून कोणत्याही परिस्थितीत वर्गणी गोळा करता येत नाही. हा नियम केंद्रीय कार्यालयांसाठी असला, तरी त्यातले तत्त्व खासगी कंपनीनेही उचलावे असे आहे.

सगळ्यांना सारखी वर्गणी, मग अन्याय कसला?

साधे गणित पाहा. समजा, प्रत्येकी ५०० रुपये ठरले. ६० हजार पगार असणाऱ्याचा एक टक्काही जात नाही. १२ हजार कमावणाऱ्याचे मात्र चार टक्क्यांहून जास्त जातात. त्यात व्हॉट्सअॅप ग्रुपवर ‘कोणाचे बाकी आहेत’ अशी नावांची यादी पडली, की ‘ऐच्छिक’ हा शब्द नावापुरताच उरतो.

पाकिटाआधी हक्काचे पैसे

शाल-श्रीफळ ही माया, ग्रॅच्युइटी हा हक्क. ती देय झाल्यापासून ३० दिवसांत देणे कायद्याने बंधनकारक आहे. साधारणपणे त्यासाठी पाच वर्षांची सेवा लागते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या कामगार संहितांनुसार निश्चित मुदतीच्या करारावरील कर्मचारी एका वर्षानंतर पात्र ठरतो. भाषणे झाली, पण हिशेब रखडला, तर तो सन्मान अर्धाच.

काय करता येईल?

• निरोपाचा खर्च आस्थापनेने करावा. रक्कम पदानुसार बदलू नये.
• वर्गणी काढलीच तर बंद पाकिटात, नावांच्या यादीशिवाय.
• कंत्राटी, सफाई आणि सुरक्षा कर्मचाऱ्यांनाही तोच नियम.
• सुट्टीत निवृत्त होणाऱ्या शिक्षकांचा निरोप शाळा भरलेली असतानाच, एप्रिलमध्ये व्हावा.
• जाणाऱ्याला आधी विचारावे. काहींना समारंभ नकोच असतो.

कोणाला किती मान, हे माणूस निघाल्यावर ठरवायला बसले की पद आणि ओळख मध्ये येते. म्हणून नियम आधी ठरवावा, फळ्यावर लावावा आणि पहिल्यांदा शिपायाच्या निरोपाला लागू करावा. तिथे तो टिकला, तर साहेबांच्या वेळी कोणी कुजबुजणार नाही.