शेजाऱ्याचे गाणे

स्नेहसंमेलनाचे दिवस जवळ आले की आपल्या सीमाभागातील शाळाशाळांतून तालमींची धांदल सुरू होते. मराठी शाळेत मराठी नाटिका बसते, कानडी शाळेत कानडी. पुष्कळदा दोहोंच्या मध्ये केवळ एक कुंपण असते. पलीकडचे गाणे आपल्या कानी पडते. परंतु ओठी मात्र येत नाही. हे आपल्या परंपरेला शोभते काय?

परंपरा तर निराळेच सांगते. १८४२ च्या सुमारास कर्नाटकातील भागवत मंडळींचे खेळ सांगलीत झाले. तसे खेळ मराठीतही व्हावेत, अशी इच्छा संस्थानिक चिंतामणराव पटवर्धन यांना झाली आणि त्यांच्या आश्रयाने विष्णुदास भावे यांनी १८४३ साली ‘सीतास्वयंवर’ रंगभूमीवर आणले. नमुना शेजाऱ्याचा, पदे आणि भाषा मात्र आपली! पुढे कानडी मुलखातील कुंदगोळचे रामभाऊ मराठी रंगभूमीवर ‘सवाई गंधर्व’ म्हणून गाजले. गदगला जन्मलेले त्यांचे शिष्य भीमसेन जोशी यांनी तुकोबांचे अभंग आणि पुरंदरदासांची कानडी पदे सारख्याच तन्मयतेने गाइली. दोन्ही संतांचा विठ्ठल एकच; मग गळ्याने भेद का मानावा?

कोणी म्हणेल, “आधीच येथे मराठीला आपल्या हक्कांसाठी झगडावे लागते, त्यात मुलांच्या तोंडी परभाषा कशाला?” ही शंका अनाठायी नाही. भाषेच्या हक्काचा प्रश्न गाण्याने सुटत नाही आणि गाण्याखाली तो झाकूही नये. परंतु आपले मागणे न्याय्य असेल, तर शेजाऱ्याचे पद शिकल्याने ते दुबळे होत नाही. उलट, ज्याच्याबरोबर आपण तालीम केली, त्याच्याशी वाद घालतानाही जीभ सांभाळली जाते.

म्हणून एक सूचना करावीशी वाटते. एका सायंकाळी दोन्ही शाळांनी आपापले कार्यक्रम करून टाळ्या घ्याव्या, एवढ्याने खरी देवघेव होत नाही. प्रत्येक शाळेने दरवर्षी एक तरी पद वा प्रवेश दुसऱ्या शाळेच्या शिक्षकांकडून महिनाभर शिकावा आणि मग रंगमंचावर आणावा. कानडीतील ऱ्हस्व ए-ओ साधताना आपली मुले अडखळतील. ‘चांदणे’ आणि ‘चंद्र’ यांतील दोन चकार वेगळे करताना त्यांची मुले हसतील. त्या अडखळण्यातच परस्परांच्या भाषेविषयी आदर उपजतो. प्रेक्षकाला तो सहसा लाभत नाही. तालमीत घाम गाळणाऱ्यालाच लाभतो.

विद्यार्थिमित्रांनो, वडील माणसांचे तंटे तुमच्या वाट्याला आपोआप येतीलच. त्यांच्याबरोबर शेजाऱ्याचे एखादे गाणेही तुमच्या वाट्याला यावे, एवढीच इच्छा. ते मात्र आपोआप येत नाही. कुंपणापलीकडे जाऊन ते मागून आणावे लागते.