शिल्लक न्यूट्रॉनचा हिशेब

साक्री तालुक्यातील शिवाजीनगर येथे महानिर्मितीचा १२५ मेगावॉटचा सौर प्रकल्प २०१३ पासून वीज देत आहे. ही ऊर्जा मुळात तयार होते सूर्याच्या गाभ्यात, अणुसंमीलनातून. साक्रीवरून सुरतेकडे जाणाऱ्या महामार्गाच्या टोकाला हजिरा आहे. फ्रान्समधील ‘आयटर’ या संमीलन प्रकल्पाचे भव्य पोलादी शीतपात्र (क्रायोस्टॅट) तिथल्या लार्सन अँड टुब्रोच्या कारखान्याने घडवले. त्याचा शेवटचा भाग जून २०२० मध्ये रवाना झाला. या तंत्राला सरसकट ‘स्वच्छ ऊर्जा’ म्हटले जाते. ते कितपत खरे, हे न्यूट्रॉन-प्रोटॉनच्या तोलावरून कळते.

प्रोटॉन धनभारित असल्याने एकमेकांना दूर लोटतात. न्यूट्रॉनवर भार नसतो. तो लोटत नाही, उलट केंद्रक बांधून ठेवायला मदत करतो. सूर्यातले इंधन म्हणजे सुटे प्रोटॉन. नुसत्या दोन प्रोटॉनची जोडी टिकत नाही. धडकेच्या क्षणी त्यातल्या एकाचा न्यूट्रॉन झाला तरच ती टिकते, आणि असे फार क्वचित घडते. म्हणूनच सूर्य सुमारे ४६० कोटी वर्षे सावकाश जळतो आहे.

माणसाला इतका धीर परवडत नाही. म्हणून हायड्रोजनचे न्यूट्रॉन असलेले भाऊबंद वापरायचे : ड्युटेरियममध्ये एक न्यूट्रॉन, ट्रिटियममध्ये दोन. सुमारे १५ कोटी अंश सेल्सिअसला ते जुळतात. दोन प्रोटॉन व दोन न्यूट्रॉनचा भक्कम हेलियम तयार होतो आणि एक न्यूट्रॉन उरतो. सुमारे ८० टक्के ऊर्जा तोच घेऊन निघतो. भार नसल्याने चुंबक त्याला अडवू शकत नाही. भिंतीत शिरून तो उष्णता देतो, पण तिथला धातूही किरणोत्सारी करतो.

ट्रिटियमही किरणोत्सारी आहे. त्याचे किरण त्वचा भेदत नाहीत. मात्र पाण्याच्या रूपात ते श्वासातून व त्वचेतून शरीरात जाते. त्यातले निम्मे साधारण दहा दिवसांत बाहेर पडते. जड पाण्याच्या अणुभट्ट्यांत त्यासाठी कामगारांची लघवी नियमित तपासतात.

संमीलनात कार्बनचा धूर नाही, बिघाड झाला तर प्रक्रिया आपोआप थांबते, हे खरेच. पण ‘स्वच्छ’ म्हणजे किरणोत्सर्गमुक्त नव्हे. ‘आयटर’मध्ये ट्रिटियमचे प्रयोग २०३९ मध्ये सुरू करायचे नियोजन आहे. कामगारांचे संरक्षण आणि भिंतींची विल्हेवाट यांचे नियम ठरवायला तोवर वेळ आहे. सूर्याची भट्टी १५ कोटी किलोमीटर दूर आहे. माणसाची भट्टी वस्तीच्या शेजारी असेल.